माझ्या बाजूचा ब्रेक

८ जानेवारी २०२४, सोमवार

शफीच्या गॅरेजमधून फुकट मिळालेली ही डायरी. दरवर्षी मी ती आशाबाईला, म्हणजे नणंदेला देऊन टाकते, ती दुधाचा हिशेब लिहिते. या वर्षी मलाच लागणार आहे. काल साडेनऊच्या बाईला मी साडेअकराला बोलावलं, साडेअकराच्या बाईला साडेनऊला, आणि स्वतः दहा वाजता जाऊन चौकात गाडीत बसून राहिले. बारा वर्षं बायकांना गाडी शिकवतेय, असं कधी झालं नव्हतं. फक्त महिलांसाठी असलेला या भागातला एकमेव ड्रायव्हिंग क्लास माझा. शिकवणारी द्वारका, गाडी द्वारकाची, पाटीवर नाव द्वारकाचं. आता द्वारकाच घोळ घालायला लागली.

सकाळी जैतुनबी आल्या. चोपन्न वर्षांच्या, हर्सूलला राहतात. त्यांच्या मिस्टरांचं, अन्सारभाईंचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. गाडी दारात उभी आहे, पण अन्सारभाईंना आता चालवायला मनाई आहे आणि मुलगा दुबईला. रिक्षात धक्के बसतात, येताना त्यांना उलट्या होतात. म्हणून या वयात बाई शिकायला आल्या. अठरा तारखेला त्यांची टेस्ट आहे.

गाडीत त्या शालीत गुंडाळून बसल्या होत्या, कारण मी एसी लावला होता. बाहेर लोक कानटोप्या घालून फिरत होते म्हणे. मला काही थंडी दिसली नाही.

११ जानेवारी

आज जळगाव रोडला एक मोटारसायकलवाला आडवा आला. जैतुनबींनी वेळेत सांभाळलं, काही झालं नाही. मला मात्र छातीत इतकी धडधड झाली की गाडी कडेला घ्यायला लावली. मानेपासून डोक्यापर्यंत आग, घामाने ब्लाउज भिजला, आणि पाच मिनिटांनी हुडहुडी. दिवाळीत असंच झालं तेव्हा हृदयाची पट्टी काढली होती. डॉक्टर म्हणाले ठणठणीत आहात, ताण घेऊ नका. ताण काय मी दुकानातून विकत आणते का?

पोटऱ्या फार दुखतात. दिवसभर बसून काम, तरी पाय असे भरून येतात की देवगाव रंगारीपासून चालत आले असावे. कॅल्शियम कमी झालं असणार.

१८ जानेवारी

जैतुनबी नापास. आठचा आकडा बरा काढला, चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे घ्यायची तिथे गाडी मागे घरंगळली आणि बंद पडली. टेस्टच्या वेळी माझ्या जागेवर साहेब बसतात, मी कुंपणाबाहेर. बाहेरून बघताना माझे दात ओठात रुतले. हर्सूलच्या तलावाकडच्या चढावर याच बाईंनी माझ्यासमोर वीस वेळा गाडी अलगद उचलली आहे. एकदाही मागे गेली नव्हती.

दिवाळीपासून ही माझी चौथी नापास. आधीच्या बारा वर्षांत मिळून चार झाल्या नसतील. हल्लीच्या बायका लक्षच देत नाहीत, मोबाइलमध्ये डोकं. जैतुनबींकडे साधा बटणांचा फोन आहे, हे लिहिताना लक्षात आलं. पण त्यांचं वय झालं आहे.

लर्निंग लायसन मे महिन्यात संपतं. तोपर्यंत पास झाल्या नाहीत तर सगळं पहिल्यापासून, आणि त्यांना तेवढी सवड नाही.

२३ जानेवारी

आज घरी मोठं भांडण. भांडण म्हणजे मी बोलले, रामकिसन ऐकत होता. वाळूजच्या कंपनीत फिटर आहे, मशीनच्या आवाजात तीस वर्षं काढल्यामुळे त्याला बायकोचा आवाज जाणवत नसावा. कारण काय तर नळाला आठ दिवसांनी पाणी आलं आणि त्याने आधी पिण्याचा माठ न भरता टाकी भरली. मी पोह्यांची कढई मोरीत आपटली, पोह्यांसकट. तो एवढंच म्हणाला, “लई तापलीस. बस जरा.” आणि खाली बसून पोहे गोळा करायला लागला. तेव्हा मला रडू आलं. पोह्यांसाठी की त्याच्यासाठी, कळलं नाही.

पंधरा दिवसांपासून तो बाहेरच्या खोलीत झोपतो. मीच पाठवलं, शेजारी कोणी असलं की मला अंगाची भट्टी वाटते. आता वाटतं, माणूस दुरावला. शिवाय रात्री दोन-तीनदा उठून पाणी पितो, तांब्याचा आवाज येतो. सकाळी माझ्या उशाशी ओला पंचा असतो. मी केव्हा भिजवून आणते तेही हल्ली आठवत नाही, इतकी विसराळू झाले आहे.

३० जानेवारी

गाडी सर्व्हिसिंगला दिली. शफी लहानपणापासून गॅरेजात आहे, गाडीशी बोलतो आणि माणसांशी कमी. आज मात्र मला खाली वाकायला लावून म्हणाला, “मॅडम, शिकणाऱ्याच्या बाजूचं ब्रेकचं रबर नव्यासारखं आहे. तुमच्या बाजूचं बघा, पार गुळगुळीत. उलटं पाहिजे ना?” शिकवणाऱ्याच्या बाजूला क्लच आणि ब्रेक वेगळे असतात, अडीअडचणीला दाबायचे म्हणून. मी त्याला सांगितलं, रबर हलक्या प्रतीचं लावलं असशील. त्याने नवीन लावून दिलं.

२ फेब्रुवारी

जैतुनबी दुसऱ्यांदा नापास. तोच चढ. परत येताना त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी तोंड उघडलं असतं तर वाईट बोलले असते.

५ फेब्रुवारी

जे झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मी ते माझ्या बाजूने वळवून ठेवीन.

तलावाकडच्या चढावर होतो. जैतुनबींनी तीनदा गाडी सुंदर उचलली. मी म्हटलं, असं तिथे का करत नाही? त्यांनी गाडी थांबवली, हॅन्डब्रेक ओढला आणि शांतपणे म्हणाल्या, “बाई, राग नका करू. पण ही गाडी मी चालवायली का तुम्ही?”

मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाल्या, मी पाय ठेवायच्या आधीच क्लच खाली जातो. ब्रेक आपोआप लागतो. दोन महिने मला वाटलं गाडीच समजदार आहे. टेस्टला साहेब बसले आणि गाडी एकदम येडी झाली.

माझ्या डोक्यात जाळ झाला. बारा वर्षं, सातशेच्या वर बायका, आणि ही मला शिकवणार. मी म्हटलं, उतरा खाली, दुसरा क्लास बघा. आजारी नवऱ्याची बायको, घरापासून दोन किलोमीटरवर, मी तिला गाडीतून उतरवलं.

त्या उतरल्या. पण गेल्या नाहीत, दगडावर बसल्या. मी आत घामाघूम, काचा खाली करून. थोड्या वेळाने खिडकीपाशी आल्या आणि विचारलं, “पाळी कवा आली होती शेवटची?” मी सांगितलं, सात महिने झाले. माझ्या आईलासुद्धा हे सांगितलं नसतं.

म्हणाल्या, चार वर्षं मी अशीच होते, अन्सारच्या अंगावर ताट फेकलं होतं, भरलेलं. घरातले म्हणायचे बाईला हवा लागली, म्हणजे भूतबाधा. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे शरीरातल्या रसायनाचं आहे, याला औषध आहे. “मला ते देता आलं नाय, मागं पायात रक्ताची गाठ झाली होती. दुसऱ्या गोळ्यांवर भागवलं. तुम्हाला चालेल का बघा.” माझ्या पावतीपुस्तकाच्या मागे डॉक्टरचा पत्ता लिहिला आणि रिक्षाला हात केला.

६ फेब्रुवारी

जैतुनबी खोटं बोलतात हे सिद्ध करायचं म्हणून सकाळी माझ्या बाजूच्या दोन्ही पेडलवर रांगोळी भुरभुरवली. मग सातच्या मुलीला घेतलं. चांगली चालवते ती, रस्ताही मोकळा होता. तास संपल्यावर वाकून बघितलं. पेडल पुसून स्वच्छ. चपला उलट्या केल्या तर दोन्हींचे तळ पांढरे.

मला एकदाही पाय हलल्याचं आठवत नाही. मनात सारखी भीती, की आता धडकणार, आता कोणी मरणार, आणि पाय आपले आपण काम करत होते. चार महिने मी बायकांना गाडी शिकवलीच नाही. त्यांच्या हातात नुसतं स्टिअरिंग होतं. चौघी नापास झाल्या आणि मी त्यांना काय काय बोलले.

शफीला फोन करून सांगितलं, गाडीला गिऱ्हाईक बघ. ज्या बाईला आपले पाय कळत नाहीत तिने दुसऱ्याला शिकवू नये. चालू असलेल्या पाचही जणींना निरोप दिला, क्लास बंद. रामकिसनलाही सांगितलं. तो म्हणाला, “मशीन आवाज करायली म्हणून कोणी भंगारात देतं का? आधी दाखवू.”

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून शोधत बसतात. मला बरं वाटलं.

सगळं विचारलं. झोप, घाम, धडधड, सांधे, विसरणं, चिडणं, लघवीची जळजळ. मी पायांचं सांगितलं, रांगोळीसकट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बीजकोषांचं काम थांबत आलं की इस्ट्रोजेन कमी होतं, कधी एकदम खाली, कधी वर. ते फक्त पाळीपुरतं नसतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा त्याने बिघडते, म्हणून आग. झोप तुटते, मग भीती वाढते. “तुमचा स्वभाव बिघडलेला नाही,” असं त्या म्हणाल्या.

एवढ्या एका वाक्यावर मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. दोन वर्षं मला वाटत होतं की मुळात मीच अशी दुष्ट होते आणि आता ते बाहेर येतंय. बाहेर बाकावर रामकिसन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

लगेच औषध दिलं नाही. बीपी, साखर, सोनोग्राफी, छातीची मॅमोग्राफी. घरात कोणाला स्तनाचा कर्करोग, कोणाला रक्ताच्या गाठी, तेही विचारलं. रिपोर्ट आल्यावर ठरवू म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी

रिपोर्ट चांगले आले. औषध सुरू. एक जेल, रोज सकाळी दंडाला लावायचं आणि वाळू द्यायचं, त्यात इस्ट्रोजेन. आणि महिन्यातले बारा दिवस रात्री एक कॅप्सूल, दुसऱ्या हार्मोनची. कॅप्सूल संपल्यावर पाळीसारखं येईल, घाबरू नका असं सांगितलं. धोका अजिबात नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या वयाला, माझ्या रिपोर्टवर, तो थोडा आहे आणि फायदा जास्त, तीन महिन्यांनी बघू, मग दर वर्षी पुन्हा विचार करू. असं नीट सांगणारं कोणी भेटलं की विश्वास बसतो.

आशाबाईला कसं कळलं देव जाणे. संध्याकाळी हजर. म्हणाली, त्या औषधाने कॅन्सर होतो, तिच्या ओळखीत एकीला झाला. आपल्या आयांनी घेतलं का असलं काही? मी म्हटलं, आपल्या आयांना कोणी विचारलं का? तिने चहा मागितला.

४ मार्च

कबूल करते. आशाबाईचं ऐकून मी मनातल्या मनात अर्धी घाबरले आणि अर्ध्यावर तडजोड केली. जेल लावलं, कॅप्सूल सोडून दिली. दोन औषधांपेक्षा एकाने धोका अर्धा, असा माझा हिशेब. आज डॉक्टरांना फोनवर सहज बोलले तर त्या पहिल्यांदा चिडल्या. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भपिशवीचं अस्तर वाढत जातं, तोच खरा धोका. कॅप्सूल त्याच्यावर राखण करायला आहे. म्हणजे मी गाडी पळवायचा पेडल ठेवला आणि ब्रेक काढून टाकला. मी, ब्रेकवाली बाई.

आजपासून दोन्ही. रामकिसनने बारा तारखांवर कॅलेंडरात पेन्सिलने गोल काढले आहेत.

९ मार्च

जैतुनबींच्या घरी गेले. तीन दिवस दारावरून परत येत होते, आज आत गेले. अन्सारभाई पलंगावर बसून पेपर वाचत होते. मला ओळखत नव्हते तरी उठायला लागले, मी नको नको म्हटलं. शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान होतं, बोलणं अजून गिऱ्हाईकाशी बोलल्यासारखं गोड.

मी जैतुनबींना रांगोळीचं सांगितलं. माझं चुकलं, तुमची काही चूक नव्हती, असं तोंडाने म्हटलं. माझ्या आठवणीत मी कोणाला असं म्हटलेलं नाही. त्या म्हणाल्या, मग शिकवायला कवा येता? मी म्हटलं, मी क्लास बंद केला, माझ्या पायांचा भरवसा नाही. त्या म्हणाल्या, पाय वर घेऊन बसा. एवढं सोपं उत्तर मला महिनाभर सुचलं नव्हतं.

शफीला फोन केला, गिऱ्हाईक थांबव. तो म्हणाला, “मी बघितलंच नव्हतं, मॅडम.”

१७ मार्च

काल रात्री दहाला झोपले आणि डोळे उघडले तेव्हा उजेड होता. मधलं काहीच नाही. घाबरून आधी घड्याळ बघितलं, मग स्वतःचं अंग चाचपलं, कोरडं. किती वेळ नुसती पडून राहिले. बाहेर कोणीतरी अंगणात सडा टाकत होतं. देवाचे, डॉक्टरांचे, जैतुनबींचे, ज्याने कोणी हे जेल शोधलं त्याचे, सगळ्यांचे आभार मानले.

आग दिवसाला दहा-बारा वेळा यायची, आता एक-दोनदा येते. आखडलेले गुडघे मोकळे झाले आहेत. लोकांची नावं आठवतात. रामकिसनही हल्ली रात्री पाणी प्यायला उठत नाही, त्याचीही झोप सुधारली असावी. उशाशी पंचा नसतो. भिजवायचं मी विसरतच असेन, पण लागत नाही तर काय.

त्याला म्हटलं, आत झोपायला ये. तो उशी काखेत घेऊन असा आला, जणू बदलीची ऑर्डर रद्द झाली.

२० मार्च

रमजान सुरू आहे. जैतुनबींना रोजा आहे, म्हणून सकाळी लवकर शिकवणी. आधी मोकळ्या मैदानात. मी सीट मागे सरकवली, चपला काढल्या, मांडी घातली आणि एक हात हॅन्डब्रेकजवळ ठेवला. पहिल्या वेळी गाडी बंद. दुसऱ्या वेळी बंद. अकरा वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी माझ्या पायांचे अंगठे वळत होते, मी ते मांडीखाली दाबून ठेवले. बाराव्या वेळी गाडी हलली, आणि या वेळी ती खरोखर त्यांनीच हलवली होती.

मी त्यांना म्हटलं, तुमचं शिक्षण आज सुरू झालं, आधीचे पैसे परत घ्या. त्या म्हणाल्या, त्याच्या बदल्यात ईदला शीरखुर्मा खायला या.

२८ मार्च

कॅलेंडरातले बारा गोल संपले, पुढचे एप्रिलचे आहेत. मधे पाळीसारखं आलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. स्तनांत थोडं भरल्यासारखं होतं, त्याची नोंद करायला सांगितली आहे म्हणून इथे लिहिते.

आधीच्या तिघींना फोन केले, ज्यांना मी निष्काळजी म्हटलं होतं. पुन्हा शिकवते, फुकट, असं सांगितलं. दोघी येणार आहेत. तिसरीने फोन आपटला. तिचा हक्क आहे.

आज तलावाकडचा चढ. मांडी नाही घातली, पाय पेडलच्या शेजारी जमिनीवर ठेवून बसले. समोरून ट्रॅक्टर आला. जैतुनबी थांबल्या, क्लच अर्धा सोडला, गाडी थरथरली आणि पुढे गेली. घरी येऊन चपला उलट्या करून बघितल्या. पेडलवर रांगोळी सकाळी टाकली तशीच होती.

१६ एप्रिल

पास.

कुंपणाबाहेर मी आणि अन्सारभाई उभे होतो. आज डायलिसिसचा दिवस नव्हता, म्हणून हट्टाने रिक्षाने आले होते. गाडी चढावर थांबली. ते पुटपुटत होते, मीही पुटपुटत होते, आपापल्या देवाला. गाडी सुटली, चढ ओलांडून गेली, आणि अन्सारभाई मला म्हणाले, “बाई, आता ही मला पण शिकवणार.” हसता हसता त्यांना खोकला आला, मी पाठ चोळली.

१९ एप्रिल, शुक्रवार

लायसन मोबाइलवर आलं, मुलाच्या जुन्या स्मार्टफोनवर त्यांनी ते तीनदा उघडून दाखवलं. आज डायलिसिस. जैतुनबी म्हणाल्या, पहिल्या दिवशी सोबत चला, नंतर नाही सांगणार. त्यांच्या गाडीत दुसरे पेडल नाहीत. अन्सारभाई पुढे, मी मागे. बारा वर्षांत शिकाऊ बाईच्या मागच्या सीटवर मी कधी बसले नव्हते.

हर्सूलहून निघालो. जैतुनबींनी बिस्मिल्ला म्हटलं, आरसा बघितला, इंडिकेटर दिला. पहिला गतिरोधक इतका हळू घेतला की अन्सारभाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. दिल्ली गेटपर्यंत मी रस्ता बघत होते. गर्दी होती, हॉर्न होते, खिडकीतून एप्रिलचं ऊन येत होतं. त्यापुढचा रस्ता कसा गेला, किती ब्रेक लागले, कुठे काही चुकलं का, हे मला लिहिता येणार नाही.

दवाखान्याच्या फाटकात जैतुनबींनी माझा गुडघा हलवला आणि म्हणाल्या, “उठा बाई, आलो आपण.”